उलट्या बैठकीवरचे डोमाजी

गेल्या महिन्यात आमच्या गोंदियाच्या गिरणीत धानातली ओल मोजायचे यंत्र आले. लाकडी पेटी, वर काच, काचेखाली थरथरणारा काटा. मूठभर धान पेटीत टाकायचे, कळ दाबायची, की काटा हलून एका आकड्यावर थांबतो. पहिल्याच दिवशी एक म्हातारा शेतकरी आपल्या पोत्यांपाशी उभा राहून त्या पेटीकडे बघत राहिला. आकडा सांगितला तरी हलेना. शेवटी म्हणाला, "हे समदं ठीक हाय बाबू. पन याचा दात कुठं हाय?"

हमाल हसले. मलाही हसू आले, आणि मग बराच वेळ समोरच्या कागदावर काही लिहवेना. डोमाजींना गिरणी सोडून तेव्हा चार महिने झाले होते.

डोमाजी आमच्या गिरणीचे धानपारखी. बुटके, काळेसावळे, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यावर घडी मोडलेली टोपी, हातात तळव्याएवढी पितळी थाळी. मी गिरणीत इंग्रजी पत्रव्यवहाराला लागलो तेव्हा त्यांना तिथे वीस वर्षे झाली होती. त्याआधी मी दोन वर्षे शाळेत शिकवले होते, एवढ्या कारणाने ते मला शेवटपर्यंत 'गुरुजी' म्हणत. माझ्या टेबलावर पुस्तक दिसले की विचारत, "आज काय पिकलं याच्यात?"

त्यांचे काम पाहण्यासारखे असे. पोत्यात लोखंडी नळी खुपसून थाळीवर धान घ्यायचे, तळहातावर चोळून फुंकर मारायची, उजेडाकडे धरायचे. पाण्याने चूळ भरायची. मग एकच दाणा डाव्या दाढेखाली घेऊन फोडायचा. दाणा वाळलेला असला तर 'कट्' असा आवाज होई, दोन हातांवरून ऐकू येईल इतका स्वच्छ. ओला असला तर नुसता दबे. आवाज नाही म्हणजे धान नाही. मग दाणा तोंडात असतानाच ते निकाल सांगत. 'वाळलं', 'दोन दिवस ऊन दाखवा' किंवा 'घरी न्या', याहून चौथा शब्द नाही. इंजिन सुरू असले की आवाज कोणाला पोचत नसे. तेव्हा हाताने सांगत. उघडा पंजा वर धरला की वाळले. मूठ मिटली की घरी न्या.

दाणा तोंडात असताना ते दुसरे काही बोलत नसत. एकदा गावाहून माणूस धावत आला, घराची भिंत पडली म्हणून सांगू लागला. डोमाजींच्या दाढेखाली दाणा होता. त्यांनी हात वर करून त्याला थांबवले, शेतकऱ्याला "वाळलं" म्हणून सांगितले, दाणा थुंकला, चूळ भरली आणि मग विचारले, "कोनाले लागलं तं नाई ना?"

त्यांच्या निकालावर शेतकरीही वाद घालत नसत आणि आमचा सेठही. एका हंगामात सेठच्या जावयाच्या गाड्या आल्या. डोमाजींनी दाणा फोडला, म्हणजे फोडायचा प्रयत्न केला, आणि म्हणाले, "घरी न्या." सेठने त्यांना आत बोलावले. मी तिथेच बसलो होतो.

"डोमाजी, दामाद हैं हमारे."

"हव सेठ. दामाद मस्त वाळले हायेत. धान ओलं हाय."

सेठ आधी लाल झाला, मग पोट धरून हसला. गाड्या परत गेल्या.

डोमाजींचे घर सालेकशाच्या पुढे, लोहमार्गापासून कोसभर आत. शनिवारी पॅसेंजरने जात, सोमवारी पहाटेच्या गाडीने येत. मी दोनतीनदा त्यांच्याबरोबर गेलो. पाच एकर धानाची जमीन, मागे मोहाची झाडे, आणि दूरवर कचारगडच्या डोंगरांची निळी रेघ. घरात त्यांची बायको, जिला मी वहिनी म्हणत असे, आणि त्यांच्या धाकट्या भावाची बायको सगुणा. मूलबाळ नव्हते.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्याकडे भासऱ्याशी धाकट्या सुनेने बोलायचे नाही, त्याच्यासमोर तोंड उघडे टाकायचे नाही, त्यानेही तिला हाक मारायची नाही, अशी रीत. वहिनी घरात असल्या तर निरोप त्यांच्यामार्फत जात. नसल्या तर दारात बांधलेल्या गोऱ्ह्यामार्फत. सगुणा पदर ओढून गोऱ्ह्याकडे तोंड करून म्हणे, "गोऱ्ह्या, धन्याले सांग, पानी तापलं." डोमाजी खाटेवरून म्हणत, "गोऱ्ह्या, तिले सांग, येऊन राहिलो." मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, थट्टा चालली आहे. दोघांचेही चेहरे गंभीर होते. वर्षानुवर्षे त्या घरातल्या सगळ्या गोष्टी त्या वासराला आधी कळत. त्याचा बैल झाला तरी निरोप्याचे काम सुटले नव्हते.

सगुणाचा नवरा फागू लग्नानंतर वर्षभरात ब्रह्मदेशात गेला होता. रंगूनच्या तांदळाच्या गिरण्यांत तेव्हा आपल्याकडची पुष्कळ माणसे जात. दोन वर्षे पत्रे आली. मग तिकडे लढाई पोचली. लाखो माणसे जंगलातून चालत हिंदुस्थानात आली, त्यांत फागू नव्हता. शेवटचे पत्र आले तेव्हा सगुणा सतरा वर्षांची होती. त्यानंतर ती कपाळावर कुंकू आणि हातात बांगड्या ठेवून वाट बघत राहिली. लढाई संपली, स्वराज्य आले, आणि बघता बघता बारावे वर्ष लागले.

बारा वर्षे माणूस बेपत्ता राहिला की त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, सुतक धरतात. मग बायको विधवा. आणि त्यांच्यात विधवेचा पाट लागत असे, म्हणजे तिला दुसरे घर करता येई. आमगावचा एक विधुर शिंपी, भला माणूस, सगुणाच्या मामाकडे दोनदा विचारून गेला होता. गावातले जाणते डोमाजींना म्हणत, "पुतळा जाळून टाका अन् पोरीले मोकळी करा." डोमाजी उत्तर देत, "दाना पाहल्याबिगर कसं सांगू?"

त्याच सुमारास सेठला कळले की रंगूनमधली एक मोठी गिरणी मोडीत निघाली असून तिची पॉलिशची यंत्रे विकायची आहेत. पत्रव्यवहार मीच केला होता, म्हणून मला जायचे होते. आणि यंत्रातून निघालेला तांदूळ पाहायला डोमाजींना. डोंगरगडच्या पलीकडे कधी न गेलेला हा माणूस सेठचे वाक्य पुरे व्हायच्या आत हो म्हणाला. का, ते सेठ सोडून सगळ्यांना समजले.

निघण्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी होतो. सगुणा बैलापाशी उभी राहिली. "बैला, धन्याले सांग. जे असन ते सांगा म्हना. चांगलं असो का वाईट. पन खरं सांगा."

डोमाजी बैलाला म्हणाले, "सांगतो म्हना."

हावडा मेल दरेकशाच्या बोगद्यातून गेली तेव्हा ते खिडकीशी बसले होते. पुढे कलकत्त्यापर्यंत आणि मग जहाजावर चार दिवस ते फारसे बोलले नाहीत. समुद्र पाहून एवढेच म्हणाले, "एवढं पानी, अन् धानाची एक बांधी नाई."

रंगूनला आम्ही दहा दिवस होतो. सकाळी गिरणीचे काम, दुपारनंतर फागूचा शोध. फोटो नव्हता. त्याची जुनी गिरणी लढाईत जळून गेली होती. खूण एकच, लहानपणी बैलाचे शिंग लागून उजव्या कानाची पाळी फाटलेली. एवढ्या बळावर आम्ही ते शहर धुंडाळायला निघालो, आणि पायी फिरणे जमेना म्हणून सैका केली.

सैका म्हणजे तिथली तीनचाकी. आपल्या सायकल रिक्षासारखी नव्हे. सायकलीच्या बाजूला तिसरे चाक जोडून एक अरुंद खोगीर बसवलेले असते, त्यावर पाठीला पाठ लावून दोन माणसे बसतात. एकाचे तोंड पुढे, दुसऱ्याचे मागे. आमचा सैकावाला रामधनी, बिहारकडचा, साठीला आलेला. त्याच्या पोटऱ्यांवर दोरखंडासारख्या शिरा होत्या. पहिल्याच दिवशी डोमाजी मागच्या, उलट्या बैठकीवर जाऊन बसले.

"बाबूजी, उल्टा बैठने से चक्कर आएगा," रामधनी म्हणाला.

"तू समोर पाह्य ना बाबा. मले माहं काम करू दे."

मी कारण विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, समोरून येनारा मानूस एक घडी दिसते अन् जाते. मागं राहिलेला लय वेळ दिसते."

रंगूनचे रस्ते आजही आठवले की माझी मान दुखते. लष्कराच्या जुन्या ट्रकांवर लाकडी खोकी ठोकून केलेल्या बस, दाराला लोंबकळणारी माणसे, कर्णे वाजवणाऱ्या जीपगाड्या, चिनी हमालांच्या हातगाड्या, डोक्यावर टोपल्या घेऊन मधेच रस्ता ओलांडणाऱ्या बायका, आणि या सगळ्यांच्या फटीफटीतून मुंग्यांसारख्या सैका. कोणी थांबत नसे, कोणी चिडतही नसे. एखादी बस अंगावर आली की मी डोळे मिटून समोरची दांडी धरी. रामधनी पायडलवर उभा राहून काहीतरी पुटपुटे आणि आम्ही कसेबसे निसटत असू. घामाने आमच्या दोघांच्या पाठी एकमेकींना चिकटत. पुलाचा चढ आला की माझ्या पाठीमागचा भार एकदम नाहीसा होई. डोमाजी उतरून सैका ढकलत असत. "बैठो बाबूजी, पैसा लेता हूँ ना," रामधनी ओरडे. डोमाजी म्हणत, "मानूस मानसाले वढून राहिला, अन् मी त्याच्यावर बसू?"

बंदराचा धक्का, हिंदी वस्त्या, मद्रासी खाणावळी, धर्मशाळा, जळक्या गिरण्यांच्या आसपासच्या चाळी. उतरायचे, विचारायचे, पुन्हा बसायचे. लोक चांगले होते. एक म्हणाला, तो वाटेत कॉलऱ्याने गेला. दुसरा म्हणाला, फागू नावाचा माणूस वरच्या मुलखात पाहिला होता, पण तो तेलुगू बोलत होता. पाचव्या दिवशी मी थकून गेलो होतो. डोमाजींच्या डोळ्यांत धूळ जाऊन ते लाल झाले होते. तरी ते मागे सुटणारी तोंडे एक एक करून पाहत होते, पोत्यातले धान पाहावे तसे.

सहाव्या दिवशी बाजाराच्या रस्त्यावर कोंडी झाली. पुढे एक बस आडवी बंद पडली होती आणि तिच्यापुढून भिक्षूंची लांबलचक रांग संथपणे चालली होती. सैका इंचाइंचाने सरकत होत्या. मी पुढे पाहत होतो. तेवढ्यात माझ्या पाठीला टेकलेली पाठ ताठ झाली. मला वाटले, त्यांना मागून धक्का लागला. "काय झालं?" मी विचारले. त्यांचा श्वास चालू आहे की नाही, तेही मला कळेना. मान वळवावी तर बसचे चाक माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होते. असे कितीतरी वेळ आम्ही सरकत राहिलो. मग बस हलली, गर्दी फुटली, रामधनीने जोर केला. थोड्या वेळाने डोमाजी म्हणाले, "चाल गा, बिऱ्हाडी चाल."

"अभी तो तीन बजे हैं, बाबूजी."

"चाल."

बिऱ्हाडी पोचल्यावर मला म्हणाले, "उद्यापासून फिरायचं नाई." उरलेले चार दिवस ते दुपारी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

परतीच्या जहाजावर दुसऱ्या दिवशी दुपारी, डेकवरच्या दोरांच्या ढिगावर बसून, त्यांनी आपणहून सांगितले.

"फागू दिसला होता, गुरुजी."

मी त्यांच्याकडे वळलो.

"आपल्या मागंच होता. सैका चालवून राहिला होता. त्याच्या मागं रेटा, समोर आपन. त्याले वळता येईना अन् मले उतरता येईना. सहा हातावर मानूस. कान पाहला मी. पांढरे झाले केस, पन फागूच. त्यानं बी मले वळखलं."

"हाक का नाही मारली?"

"ऐका तं. त्याच्या बाजूले एक बाई बसली होती, तिकडची. गालाले ते पिवळं चंदन लावते ना, ते. मांडीवर पोट्टी. पोट्टीची हनुवटी अशी... माह्या मायची हनुवटी, गुरुजी. ते बाई माह्याकडं पाहून हासली. तिले काय मालूम, मी कोन. दोन पाहुने समोरासमोर आले की हासते, तसं. मी फागूकडं पाह्यलं. त्यानं तोंड उघडलं नाई. पायडल मारता मारता एक हात पोट्टीच्या डोक्यावर ठेवला, अन् अशी मान हलवली." डोमाजींनी मान हलवून दाखवली. नाही म्हणताना हलवतात तशी, पण अगदी थोडी. "डोयातून पानी येऊन राहिलं होतं त्याच्या. पुसाले हात मोकळा नव्हता. मंग रस्ता मोकळा झाला, अन् तो गल्लीत वळला."

समुद्रावर ऊन चकाकत होते. त्यांनी विचारले, "घरी काय सांगू?"

"खरं सांगायचं कबूल केलंत तुम्ही."

"हव. बैलाले कबूल केलं." ते हसले नाहीत. "खरं सांगतलं तं ते काय म्हनन, मी सांगतो तुमाले. म्हनन, जिता हाय ना? मंग झालं. सवतीले घेऊन येऊ द्या, मी दोघायचं करीन. तो येनार नाई. अन् हे बसन वाट पाहत, हातात बांगड्या भरून, म्हातारी होईस्तोवर. तिसाची हाय ते, गुरुजी. अन् मेला म्हनून सांगतलं तं एक दिवस रडन, अन् मंग जगन."

मी पुष्कळ पुस्तके वाचली होती; त्या दुपारी त्यांतले एकही कामाला आले नाही. एवढेच म्हणालो की, मी कोणाला सांगणार नाही.

आम्ही त्यांच्या गावी पोचलो तेव्हा सकाळ होती. अंगणात कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. डोमाजी खाटेवर बसले, मी ओट्यावर. वहिनी पाणी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. बैल बाहेर चरायला गेला होता. सगुणा घरातून आली. तिने पदर ओढलेला होता, पण ती आडोशाला थांबली नाही. सरळ चालत खाटेपाशी आली आणि पितळी ताटली डोमाजींसमोर ठेवली. तीत चिमूटभर धान होते.

"दाना दाताखाली धरून सांगा," ती म्हणाली.

बैल नाही, वहिनी नाही, थेट त्यांना. चौदा वर्षांत त्यांच्याशी बोललेले तिचे ते पहिले वाक्य. डोमाजींनी मान वर केली. आणि मला वाटते, त्यांनी तिचा चेहराही तेव्हाच पहिल्यांदा पाहिला, कारण पदर मागे सरकला होता आणि तिने तो सावरला नाही.

त्यांनी चूळ भरली. एक दाणा उचलला. तोंडात ठेवला. पेंढ्यांवर चिमण्या ओरडत होत्या.

"फागू मेला," ते म्हणाले. "लढाईतच मेला. बॉम पडला गिरनीवर. मी जागा पाहून आलो."

सगुणा माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी होते ना संगं?"

"मी होतो," मी म्हणालो. "पण माझं तोंड पुढच्या बाजूला होतं. मला काही दिसलं नाही."

मग खाली बसून तिने दगडावर आपल्या बांगड्या फोडल्या. आधी डाव्या हातातल्या, मग उजव्या. वहिनींनी हंबरडा फोडला. सगुणा रडली नाही.

पुतळा बाघ नदीच्या काठी जाळला. पळसाची पाने, दोऱ्याने बांधलेली, माणसाच्या उंचीची. थोरला भाऊ म्हणून अग्नी डोमाजींनीच द्यायचा. परत येताना ते माझ्याबरोबर मागे राहिले आणि आपला उजवा हात उलटसुलट करून बघत होते. म्हणाले, "जिता भाऊ जाळला, गुरुजी. अन् हात भाजला नाई."

सोमवारी ते गिरणीत आले ते सरळ सेठकडे गेले. "दाढ गेली माही," म्हणाले. "आता दाना समजत नाई. दुसरा मानूस पाहा." सेठने समजावले, दातांच्या डॉक्टरकडे पाठवायची तयारी दाखवली, मग रागावला. दाढ काही गेलेली नव्हती. दुपारी ते माझ्यासमोर चणे खात. पितळी थाळी त्यांनी धुऊन सेठच्या कपाटावर ठेवली आणि धान वाळवायच्या अंगणावर देखरेखीला गेले. पुढची सहा वर्षे ते उन्हात पाय पसरून, दाताळ्याने धान परतणाऱ्या बायकांना सूचना देत बसत. नवा पारखी कधी गोंधळला की पोते घेऊन त्यांच्याकडे येई. ते धान हातात घेत, हुंगत, आणि परत देत. "तूच पाह्य." दाणा तोंडात घातला नाही तो नाहीच. म्हातारे झाले, असे सगळे म्हणत. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर असेल.

सगुणाचा पाट वर्षभराने आमगावच्या शिंप्याशी लागला. डोमाजींनीच लावून दिला. मला वाटे, निदान तेवढ्याने तरी त्यांना बरे वाटेल. तिला मुलगा झाल्याचे कळले तेव्हा त्यांनी सगळ्या हमालांना गूळ वाटला आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मी कामासाठी आमगावला गेलो होतो. बाजाराच्या दिवशी सगुणाबाई भेटल्या. नवरा यंत्रावर बसला होता, चार वर्षांचा पोरगा त्याच्या पायाशी चिंध्यांत खेळत होता. त्यांनी मला स्टुलावर बसवून चहा दिला आणि विचारले, "दादाची तब्येत कशी हाय?" आता त्या डोमाजींना दादा म्हणत.

"खोकतात. गिरणी सोडून गावी जायचं म्हणतात. आणि अजून दाणा तोंडात घालत नाहीत."

त्या खाली बघून पोराच्या डोक्यातल्या चिंध्या काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, मले त्याच दिवशी मालूम झालं होतं."

"काय?"

"का तो जिता हाय म्हनून. दादानं दाना तोंडात घेतला, पन फोडला नाई. मी कान लावून होती. कट् वाजलं नाई. त्यायच्यानं फोडवला नाई."

"मग बांगड्या का फोडल्यात?"

"दादानं येवढं खोटं बोललं माह्यासाठी. ते कायले वाया जाऊ देऊ? अन् थकली होती मी. खरंच थकली होती." मग आत जाऊन त्यांनी एका चिंधीत मूठभर नवे धान बांधून आणले. "आमच्या बांधीतलं हाय. दादाले द्या. म्हना, पाहून सांगा."

डोमाजी चार दिवसांनी गोंदिया सोडणार होते. मी त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा रिक्षा दारात उभी होती. अलीकडे गोंदियात सायकल रिक्षा पुष्कळ झाल्या आहेत. सामान थोडेच होते, पण पेटी, वळकटी आणि न्यायला आलेल्या वहिनी एवढ्यातच बैठक भरली. मी त्यांना बाजूला घेऊन चिंधी दिली आणि सगुणाबाई जे बोलल्या ते जसेच्या तसे सांगितले.

खोकला आला, तो सरेपर्यंत भिंतीला धरून उभे राहिले.

"कट् वाजलं नाई, असं म्हनली?"

"हो."

"एवढे साल बैलाशी बोलून बोलून कान तिखट झाले तिचे," ते म्हणाले. आणि रंगूनहून आल्यावर पहिल्यांदा मी त्यांना मनापासून हसताना पाहिले. हसता हसता त्यांनी टोपीने डोळे पुसले.

बैठकीच्या मागे रिक्षाला एक फळी असते, पोरे लोंबकळतात ती. डोमाजी मागून तीवर चढले आणि माझ्याकडे तोंड करून, पाय खाली सोडून बसले.

"बबा, गिर जाबे!" छत्तीसगढचा रिक्षावाला ओरडला. "सामने बैठ ना."

"तू समोर पाह्य ना बाबा," डोमाजी म्हणाले.

रिक्षा निघाली. गिरणीचे इंजिन चालू होते, तुसाचा धूर रस्त्यावर उतरला होता. मी दारातच उभा राहिलो. ते खरोखरच बराच वेळ दिसत होते. पुढून येणाऱ्या बैलगाड्या त्यांच्या दोन्ही बाजूंनी मागे पडत होत्या आणि ते त्यांच्यामधून माझ्याकडे बघत लहान होत चालले होते. वाळवणाच्या अंगणापाशी त्यांनी मांडीवरची चिंधी सोडली. एक दाणा घेतला आणि तोंडात टाकला. त्यांचा जबडा हललेला मला दिसला. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आले नाही, आणि येणारही नव्हते.

रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला वळत असताना त्यांनी हात वर केला. पंजा उघडा होता.